कातडं कमावताना

दोन वर्षांपूर्वी नगरच्या एका महाविद्यालयातली चार मुलं माझ्याकडं आली होती. बाभळीच्या सालीत कातडं कसं कमावतात, हे त्यांना प्रकल्पासाठी हवं होतं. मी मापं सांगितली. मीठ किती, चुना किती, साल किती, दिवस किती. दीड महिन्यानं ती शेळीचं एक कातडं घेऊन परत आली. बाहेरून तपकिरी, कापून बघितलं तर मधोमध पांढरी रेघ, फळीसारखं ताठ, आणि पोटाकडच्या बाजूला वरचा पापुद्रा सुटलेला. वही उघडून बघितली. मापं सगळी बरोबर होती.

मग संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी जे बोललो, ते आता क्रमानं लिहून काढतो आहे. मी कर्जत तालुक्यातला, सीनेकाठचा. आबा, म्हणजे माझे आजोबा, आणि वडील याच कामातले. मी लहानपणी गावात, मग धारावीत, मग परत गावात हेच काम केलं. आमच्या घरात ‘कातडं’ आणि ‘चामडं’ हे शब्द कधी एकमेकांच्या जागी वापरले नाहीत. जनावराच्या अंगावरून निघतं ते कातडं. त्याचं कुजणं कायमचं थांबलं की ते चामडं. या दोन शब्दांच्या मधलं सगळं काम म्हणजे कमावणं.

१. कातडं वाट बघत नाही

ओल्या कातड्यात जवळजवळ दोन तृतीयांश पाणी असतं. रक्त, शेण, मातीही लागलेली असते. आमच्याकडं वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सोललेलं कातडं चार-पाच तासांत हाताबाहेर जातं. ते दिसत नाही, ही खरी अडचण. वरून सगळं ठीक दिसतं आणि आतून सुरुवात झालेली असते. ओळखायची खूण एकच: पोटाच्या बाजूचे चार केस चिमटीत धरून हलके ओढायचे. मुळासकट सहज हातात आले, तर ते कातडं गेलं. पुढं चुना घाला, साल घाला, तो पापुद्रा सुटणारच. त्या मुलांचं तेच झालं होतं. खाटकाकडून सकाळी घेतलेलं कातडं त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दुपारपर्यंत गाडीच्या डिकीत ठेवलं होतं.

आबांच्या काळात घरात कधी पीठ नसायचं, पण खडेमिठाचं पोतं असायचं. रात्री-अपरात्री कुणाचा तरी गडी यायचा, “बैल गेला, चला.” आबा कंदील आणि सुरी घ्यायचे, वडील मीठ घ्यायचे. जनावराच्या अंगात ऊब आहे तोवर कातडं सोपं निघतं. गार पडल्यावर सुरी जास्त चालवावी लागते आणि सुरीचा एकेक काप म्हणजे त्या जागी चामड्याला पडलेलं भोक. सोलून झालं की तिथंच जमिनीवर पसरायचं, मांसाची बाजू वर, आणि मूठ-मूठ मीठ चोळायचं. कातड्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत मीठ लागतं. म्हशीचं ओलं कातडं २५-३० किलोचं असलं, तर दहा किलोच्या खाली मिठाचा विचारच करायचा नाही. कडा, मान आणि पायांकडच्या घड्या इथं हात दोनदा फिरवायचा.

हे मी १९७२ च्या दुष्काळात शिकलो. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. त्या उन्हाळ्यात एवढी जनावरं गेली की गावोगावहून बोलावणी येत होती आणि मीठ पुरत नव्हतं. एका रात्री वडिलांनी मला नऊ कातडी राखायला सांगितली. मी दमलो होतो. मीठ वरवर टाकलं, घड्या घातल्या आणि एकावर एक रचून झोपलो. तिसऱ्या दिवशी उलगडली तेव्हा प्रत्येक घडीवर हिरवट पट्टा होता. नऊपैकी दोन वाचली. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी ती सात कातडी मला एकट्याला खड्डा खणून पुरायला लावली. ज्यांचे बैल गेले होते त्यांचं तर सगळंच गेलं होतं, आणि त्यातून जे थोडं उरणार होतं ते माझ्या हातून गेलं. ती सात कातडी मी आजही विसरलेलो नाही.

२. पाणी चाखून घ्या

मिठानं ओढून घेतलेलं पाणी कातड्याला परत द्यायचं असतं. एक दिवस भिजवलं, मधे दोनदा पाणी बदललं, की ते पुन्हा नुकतंच सोलल्यासारखं लुसलुशीत होतं. इथं कोणतंही पाणी चालतं. पण सालीच्या कुंडाला आमच्या उन्हाळी विहिरीचं मचूळ पाणी चालत नाही. त्यातल्या क्षारांत सालीचा कस वाया जातो आणि चामड्याचा रंग मळकट उतरतो. आजी हे जिभेवर ठरवायची. तिनं पावसाळ्यात वळचणीखाली दोन रांजण मांडून ठेवलेले असायचे आणि त्यातलं पाणी ती सालीशिवाय कशालाही वापरू द्यायची नाही.

३. जुना चुना टाकून देऊ नका

कळीचा चुना विरवून दगडी हौदात सोडायचा आणि त्यात कातडी बुडवायची. थंडीत आठ दिवस, उन्हाळ्यात चार-पाच. रोज सकाळी सगळी बाहेर काढायची, निथळू द्यायची, चुना ढवळायचा आणि खालची वर, वरची खाली करून परत सोडायची. चुन्यानं केसांची मुळं सुटतात, कातड्यातली चरबी साबणासारखी होऊन निघते आणि तंतू फुगून मोकळे होतात. हे मोकळं होणं महत्त्वाचं, कारण पुढं सालीचा रस त्याच वाटांनी आत शिरणार असतो.

नवशिक्याला वाटतं, ताजा पांढराशुभ्र चुना म्हणजे चांगला. ताज्या चुन्यात कातडं फुगतं, पण केस चिकटून राहतात. आधीच्या खेपेचा वापरलेला चुना केस लवकर सोडवतो, कारण त्यात सूक्ष्मजीव वाढलेले असतात. मात्र नुसता जुना असेल तर तेच जीव कातडंही खातात. म्हणून पहिले दोन दिवस जुन्यात, मग नव्यात. आबांना सूक्ष्मजीव हा शब्द माहीत नव्हता, पण हौदाच्या वासावरून ते सांगायचे की आज कातडी पलीकडच्या हौदात न्या.

हातांचं सांगितलं पाहिजे. चुना कातड्याचे केस काढतो, तसा माणसाच्या बोटांची सालं काढतो. आमची आई हौदाला हात लावायच्या आधी कोपरापर्यंत गोडेतेल चोळायची, तरी तिच्या नखांच्या कडा कायम फाटलेल्या असायच्या. भाकरी थापताना तिला मीठ झोंबायचं. आता रबरी हातमोजे मिळतात. ते घालूनच काम करा. जखमी हात म्हणजे कष्टाची खूण, असं मी कुणाला सांगणार नाही.

४. अंगठा

केस आणि मांस खरवडून निघाल्यावर जे उरतं ते पांढरं, फुगलेलं, रबरासारखं असतं. आत अजून चुना आहे. तो पूर्ण निघाला नाही, तर चामडं ठिसूळ होतं आणि वरचा थर तडकतो. आमच्याकडं त्यासाठी ज्वारीचा कोंडा पाण्यात आंबवायचे. त्या आंबटपणात चुना मरतो. किती वेळ ठेवायचं? आबा कातड्यावर अंगठा दाबायचे. ठसा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे. ठसा तसाच राहिला तर काढा.

१९८० नंतर कधीतरी मला मद्रासच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत काही आठवड्यांचं प्रशिक्षण घ्यायची संधी मिळाली. ही संस्था १९४८ ची. देशातल्या चामड्याच्या विज्ञानाचं ते मोठं घर आहे. तिथं शिकवलं की कातड्याची कड कापायची आणि कापलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकायचा. गुलाबी झालं की आत चुना आहे. मी त्या दिवशी अंगठ्यानं आधी सांगायचो आणि मग थेंब टाकायचो. पातळ कातड्यांत माझा अंगठा बरोबर निघाला. म्हशीच्या जाड पाठीत दोनदा चुकला: वरून ठसा राहत होता, आत मात्र गुलाबी रेघ होती. तेव्हापासून माझ्या फडताळात त्या द्रवाची बाटली असते. आबांनीही ठेवली असती.

५. पातळ पाण्यापासून सुरुवात करा

हे सगळ्यांत मोठं, आणि मुलांची दुसरी चूक इथलीच.

साल कुठली, ते आधी. सीनेच्या काठाला आणि शेतांच्या बांधांवर जी गावठी बाभूळ आहे, तिची. जुन्या झाडाची, आतून तांबूस. मुलांनी रस्त्याकडेची वेडी बाभूळ सोलून आणली होती. ती गेल्या काही दशकांत सगळीकडं माजली आहे, पण तिच्या सालीत कस फार कमी. ओळखायला प्रयोगशाळा नको, तुकडा चावून बघा. चांगली साल जीभ ओढून धरते, तोंड कोरडं पडतं. ज्या तुरटपणानं जीभ आवळते, तोच कातड्याचे तंतू आवळून बांधतो. विज्ञान त्याला टॅनिन म्हणतं.

बाभळीबरोबर हिरडा लागतो. तो आमच्या माळावर नाही, अकोले तालुक्याच्या पश्चिमेला हरिश्चंद्रगडाच्या बाजूच्या डोंगरांत होतो. आबा नगरच्या बाजारातून पोत्यानं आणायचे. नुसत्या बाभळीनं चामडं लालसर आणि जरा कडक होतं. हिरड्यानं रंग पिवळसर खुलतो, शिवाय हिरड्याचं पाणी आंबतं आणि त्या आंबटपणात रस आत खोल जातो. तिसरं झाड तरवड. नवरात्रात ज्याच्या पिवळ्या फुलांच्या माळा घटावर सोडतात तेच. आपल्या जिल्ह्याच्या माळरानांवर ते न लावता येतं. मद्रासकडं याच तरवडाच्या सालीवर एके काळी मोठा निर्यातीचा धंदा उभा होता. आमच्याकडं शेळी-मेंढीच्या पातळ कातड्यांना तरवड वापरायचे, चामडं मऊ आणि फिकं व्हायचं. संगमनेरी शेळीचं तरवडात कमावलेलं कातडं हातात घेतलं, की ते कापडासारखं घडी घालता येतं.

आता मुद्दा. कुंडात साल कुटून टाकली, पाणी गडद लाल झालं, आणि त्यात पांढरं कातडं सोडलं, तर काय होतं? बाहेरचा थर घटकेत आवळला जातो आणि दार बंद होतं. रस आत जाईना. बाहेर चामडं, आत कातडं. मधली पांढरी रेघ तीच, आणि तीच पुढं कुजते. म्हणून पहिलं कुंड नेहमी आधीच्या खेपेतलं थकलेलं, आंबूस, फिकं पाणी. तीन-चार दिवसांनी त्याहून जरा कसदार. मग अजून. प्रत्येक कुंडात रोज हलवायचं. कस वाढवत वाढवत शेवटी ताज्या सालीपर्यंत यायचं. शेळीला दोन आठवडे पुरतात, म्हशीला चाळीस दिवस लागतात. चाळीसचे तीस करून बघितलेत मी, धारावीतल्या गरजेपोटी. तळ म्हणून लावलेलं ते चामडं एका पावसाळ्यात फुगलं.

जाड कातड्याला शेवटी थैली करायचे. कोल्हापूरकडच्या चपलांच्या चामड्यालाही ही रीत होती. कातडं घायपाताच्या दोरीनं शिवून त्याचीच पिशवी बनवायची, तीन बाभळीच्या मेढींना टांगायची, आत कुटलेली साल आणि गडद पाणी भरायचं. पाण्याच्या भारानं रस कातड्यातून पाझरत बाहेर येतो, खाली ठेवलेल्या घमेल्यात टपटपतो. ते पाणी परत वरून ओतायचं. दिवसभर, आणि रात्री उठून. काही दिवसांनी थैली उलटी करून दुसऱ्या तोंडानं शिवायची, म्हणजे मान आणि शेपटाकडची बाजू सारखी होते. एका म्हशीच्या कातड्याला आमच्याकडं दोन पोती साल जायची. ती सोलून आणणं, उखळात कुटणं आणि थैलीत पाणी ओतत राहणं, हे बायकांचं काम होतं. बाजारात विकायला मात्र पुरुष जायचे आणि चामडं त्यांच्या नावानं ओळखलं जायचं. हे अन्यायाचं होतं आणि आमच्या घरातही होतं.

झालं की नाही, हे मानेजवळ कापून बघायचं. कडेपासून कडेपर्यंत एकच रंग दिसला पाहिजे.

६. लोखंड लांब ठेवा

सालीच्या कुंडात लोखंडी बादली, गंजलेला खिळा, पत्र्याचं झाकण, काही नको. टॅनिन आणि लोखंड मिळून शाई होते. बोटाएवढा निळा-काळा डाग पडतो आणि तो निघत नाही. उलट, ज्याला काळी चप्पल हवी आहे तो हेच जाणून करतो: लोखंडाचा कीस गुळाच्या आंबट पाण्यात ठेवायचा आणि ते पाणी चामड्यावर पुसायचं. कुंडाला माती, दगड, लाकूड. आता प्लॅस्टिकचे पिंप चांगले.

७. सावलीत वाळवा आणि तेल पाजा

ओलं चामडं बघून घाई होते. आमच्याकडच्या माळावर ऊन आणि वारा दोन्ही फुकट, दोन तासांत वाळतं. पण असं वाळलेलं तडकतं. सावलीत, वाऱ्याच्या तोंडाला न धरता, दोन-तीन दिवस. अर्धवट ओलं असताना तेल. आमच्याकडं करडईचं, कारण करडई शेतातच होती. पाणी जसं बाहेर जाईल तसं तेल आत जातं. नंतर घातलेलं तेल नुसतं वर बसतं.

हे तेलाचं शिक्षण आम्हाला मोटेनं दिलं. आज शाळेतल्या मुलांना मोट चित्रात दाखवावी लागते. विहिरीतून पाणी काढायची ती चामड्याची मोठी पखाल, खाली लांब सोंड, वर नाडा, बैल उतारावरून खाली गेले की मोट वर येऊन थारोळ्यात आपोआप रिकामी व्हायची. दिवसभर पाण्यात आणि उन्हात आळीपाळीनं राहणारी वस्तू. तिच्यासाठी चामडं असं हवं की पाण्यानं फुगू नये, उन्हानं आखडू नये, दगडाला घासून फाटू नये. करडईचं तेल आटवून दाट करायचं आणि शिवणींत जिरवायचं. माझ्या वडिलांचं म्हणणं होतं की मोट करता आली तो खरा कमावणारा, चपला कुणीही करील. मोटेच्या बदल्यात खळ्यावर धान्य मिळायचं. मग विहिरींवर इंजिनं आली, मागोमाग विजेचे पंप. माझ्या वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत आमच्या शिवारातली शेवटची मोट उतरली होती. बैलांचे हाल थांबले, भिजणारं क्षेत्र वाढलं, ते चांगलंच झालं. फक्त त्या वर्षापासून आमच्या कामाचं मुख्य गिऱ्हाईक राहिलं नाही. १९७४ साली मी धारावीला गेलो.

८. क्रोमला शिव्या देऊ नका, पण त्याचं पाणी कुठं जातं ते विचारा

धारावीत मी पहिल्यांदा फिरता ड्रम बघितला. माझ्या आबांचे चाळीस दिवस तिथं एका दिवसात होत होते. क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावायची रीत न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्झनं १८८४ साली पेटंट केली. हिंदुस्थानात तिचा पाया मद्रासला आल्फ्रेड चॅटर्टननं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घातला, आणि मला हे वाचून फार बरं वाटलं होतं की त्याच्या आरंभीच्या वस्तूंत विहिरीवरच्या मोटा होत्या. म्हणजे तोही मोटेपासूनच निघाला होता.

क्रोमचं चामडं निळसर निघतं, मऊ असतं आणि उकळत्या पाण्यात टाकलं तरी आकसत नाही. कच्चं कातडं ६०-६५ अंशांना आकसून गोळा होतं, सालीचं साधारण ७५ ते ८५ ला. बुटाचा वरचा भाग, फुटबॉल, हातमोजे यांना क्रोमच हवं. त्याला वाईट म्हणून आपली बाभूळ मोठी होत नाही. पण सालीचं थकलेलं पाणी आबा लिंबाच्या झाडाला घालायचे. क्रोमचं पाणी कशालाच घालता येत नाही. एक किलो कातड्यामागं तीस-चाळीस लिटर पाणी जातं, आणि ते न शुद्ध करता सोडलं तर काय होतं हे तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या पट्ट्यानं भोगलं. तिथल्या विहिरी आणि शेतं नासली. त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल आज पर्यावरणाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात आहे.

आणि एक, जे मला झोपेतही आठवतं. केस लवकर काढायला चुन्यात सोडियम सल्फाइड घालतात. त्या पाण्यात आम्ल पडलं की सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सुटतो. जास्त असला तर वासही कळेनासा होतो आणि माणूस उभ्याचा खाली पडतो. मी काम करत होतो त्याच्या शेजारच्या एका कारखान्यात हौद साफ करायला उतरलेला माणूस वर आला नाही. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही आला नाही. कुठल्याही टाकीत, हौदात, गटारात एकट्यानं आणि तपासल्याशिवाय उतरू नका. मालक म्हणाला तरी उतरू नका.

९. वासाबद्दल

आमचा समाज सरकारी यादीत ढोर, कक्कय्या असा लिहिला जातो. बसवेश्वरांच्या कल्याणात बाराव्या शतकात जे शरण जमले, त्यांतले कक्कय्या आमचे. धारावीतल्या एका रस्त्याला त्यांचं नाव आहे, आणि मुंबईत पहिल्या आठवड्यात ती पाटी वाचून मी तिथंच उभा राहिलो होतो. गावात त्या नावाचा उच्चार वेगळा व्हायचा. ढोर म्हणजे गुरं, आणि ढोर म्हणजे शिवी. शाळेत हजेरीला मास्तर जातीसकट हाक मारायचे आणि मागच्या बाकांवरून मुलं नाक दाबायची. मी रोज पहाटे सीनेत अंघोळ करून जायचो. वास नव्हताच. तरी नाकं दाबली जायची.

हे काम सोडावं की ठेवावं, यावर मोठ्या माणसांत दोन मतं होती आणि मी दोन्ही मनापासून वाचली आहेत. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. पुढं मेलेली ढोरं ओढायचंच सोडून देण्याची चळवळ गावोगाव झाली, आणि त्यासाठी लोकांनी मार खाल्ला, बलुतं गमावलं. आपल्याच अकोले तालुक्यातल्या दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. त्या गावगाड्याचं आतलं रूप ज्यांना कळत नाही त्यांनी ते वाचावं. दुसरीकडं गांधीजींना वाटे की हे कसब गावात राहावं आणि त्याला प्रतिष्ठा मिळावी. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी मेलेल्या जनावरांच्या कातड्यांचं चर्मालय चालवलं आणि स्वतः हात घातले.

माझं मत असं झालं आहे. ज्यांनी सोडलं त्यांनी योग्य केलं, कारण ते काम त्यांनी निवडलेलं नव्हतं. जन्मानं लादलेलं कसब कसब राहत नाही, वेठ होते. माझा मुलगा बँकेत आहे आणि त्यानं कातड्याला हात लावावा असं मला कधी वाटलं नाही. पण ज्ञान मात्र खरं होतं. चुन्यातले सूक्ष्मजीव, आंबटपणानं उघडणारे तंतू, पातळाकडून दाटाकडं जायचं गणित, हे सगळं गावाबाहेरच्या कुंडांवर शेकडो वर्षं चालू होतं, आणि गावातल्या कुणी ते एका ओळीत लिहून ठेवलं नाही. मोटेचं पाणी सगळ्यांच्या शेताला चाललं. मोट करणाऱ्याला त्या विहिरीवर पाणी वरून ओतून घ्यावं लागलं.

त्या चार मुलांतली एक मुलगी कुंडावर वाकून म्हणाली, “आजोबा, वास येतो, पण वाईट नाही येत.” सालीचा वास होता तो, पहिल्या पावसासारखा. मला तिचा हा शब्द जन्मभर पुरेल.

१०. चामड्यावर जनावराचं आयुष्य उमटतं

सालीतून काढलेलं कातडं उजेडात धरा. बैल असेल तर खांद्यावर जुवाचा जाड, घट्ट झालेला पट्टा दिसेल. मांडीवर पराणीचे टोचे. आजारपणात दिलेले डाग. गोचिडांच्या बारीक खळग्या. पूर्वी मी कातडं बघून सांगायचो की बैल कष्टाच्या घरचा होता की मायेच्या. आता बैल थोडे. आपला जिल्हा दुधाचा झाला, आणि संकरित गाईंच्या कातड्यावर काटेरी तारेचे ओरखडे, गोचिडं आणि इंजेक्शनच्या गाठी दिसतात.

कातडं मिळणंच अवघड झालं आहे. २०१५ पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आली. म्हशीची कातडी आणि मेलेली जनावरं एवढंच राहिलं. २०२२ ला लम्पी आला, बाजार बंद झाले, गाईंच्या अंगभर गाठी उठल्या. मेलेली जनावरं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायला सांगितलं होतं, आणि तेच बरोबर होतं. त्या वर्षी माझी कुंडं कोरडी होती.

माळावर अजून एक रिकामी जागा आहे. लहानपणी आम्ही जनावर सोलून बाजूला झालो की वरून गिधाडं उतरायची आणि तासाभरात हाडं उरायची. माणसं कातडं घ्यायची, गिधाडं मांस घ्यायची, हाडं गोळा करून खताला जायची. दुखणं थांबवायला जनावरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅकनं ती गिधाडं मेली, हे उशिरा कळलं. २००६ ला जनावरांसाठी ते औषध बंद झालं, तोवर आमचं आभाळ मोकळं झालं होतं. आता मेलेली गाय ओढ्यात पडलेली दिसते, कातड्यासकट कुजत. मला ते बघवत नाही.

११. पुन्हा करा

ती मुलं मागच्या श्रावणात परत आली. या वेळी शेळीचं कातडं खाटकाच्या दारातच मीठ लावून आणलं होतं, आणि साल गावठी बाभळीची होती, चावून बघितलेली. मी माझ्या कुंडातलं जुनं, फिकं पाणी त्यांना एक कळशी दिलं. त्या पाण्यात त्याआधीच्या खेपेचं पाणी होतं, आणि त्यात त्याच्याही आधीचं. गावात परतल्यापासून मी कुंड कधी पूर्ण उपसलेलं नाही. सोळाव्या दिवशी त्या मुलीनं फोन केला. मानेजवळ कापून बघितलं होतं. आतपर्यंत एकच रंग, म्हणाली. आता तेल कधी घालू?

मी म्हटलं, अर्धवट ओलं आहे ना अजून? मग आत्ताच घाल.